होल्गरचे छत्तीस गुण

ही गोष्ट तुम्ही खरी मानणार नाही. नका मानू. माझं काही अडत नाही. चिंचवडला मी उभा जन्म वधूवर सूचक मंडळ चालवलं. 'मुलगा एकदम निर्व्यसनी आहे हो' हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं, आणि लोकांनी त्यावर विश्वास ठेवून मुली दिल्या. आणि जर्मनीतल्या रेगेन्सबर्गमध्ये माझ्या बाबतीत जे शंभर टक्के खरं घडलं ते सांगायला लागलो, की लोक चकलीचा तुकडा गालात तसाच धरून माझ्याकडे बघत बसतात. चालायचंच.

२०१७च्या दिवाळीतही तेच झालं. ऊर्मिलाकडे फराळाला मंडळी जमली होती. ऊर्मिला म्हणजे माझी मुलगी. जावई रुपेश इथल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. आमची सौभाग्यवती वसुधा शंकरपाळ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती, कारण डबा खाली ठेवला की मी हात घालतो. शिवाय प्रणव होता. हा पोरगा इथल्या विद्यापीठात पीएच.डी. करतो, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागायची वाईट खोड लागली आहे.

कोपऱ्यातल्या खुर्चीत फ्राऊ हिर्टल, म्हणजे हिर्टलबाई. वरच्या मजल्यावर राहतात. ऊर्मिला कामावर असली की आमच्या नातीला, कौमुदीला, त्याच सांभाळतात. नऊ वर्षांची कौमुदी त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसून त्यांच्या कानात सारखं काहीतरी कुजबुजत होती. या पोरीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच देणार. फ्राऊ हिर्टलचं उलट. त्यांना मराठीतले तीनच शब्द येतात: ये, बस, खा. शेजारधर्माला तेवढे पुरतात.

तर प्रणव आणि रुपेश मोबाईलमध्ये डोकं घालून भांडत होते. अमेरिकन फुटबॉलच्या मागच्या हंगामातल्या उत्तम खेळाडूंची कुणीतरी क्रमवारी लावली होती, आणि तिसरा आलेला माणूस तिसरा नसून सातवा आहे, असं प्रणवचं म्हणणं होतं.

"हे नंबर लावतं कोण पण? काय अक्कल असते या लोकांना?" प्रणव म्हणाला.

"अमेरिकेत कोण लावतं ते ठाऊक नाही," मी म्हणालो, "इथे एकदा मी लावले होते."

रुपेश उठला आणि चहा टाकायला आत गेला. त्याला गोष्ट माहीत होती.

"तुम्ही, काका?" प्रणव म्हणाला. "अमेरिकन फुटबॉलचे?"

"ये, बस, खा," मी म्हटलं, आणि त्याच्या हातात लाडू दिला. फ्राऊ हिर्टल हसल्या.

आधी खेळ सांगतो. कबड्डीत जेवढी धरपकड असते तेवढीच यात, फक्त अंगाला गाद्या बांधून आणि डोक्यावर पातेलं घालून. चेंडू नारळाएवढा. त्याला पाय कधीमधीच लागतो, तरी नाव फुटबॉल. आपल्याकडे नाही का, दिवसभर वाडा दणाणून सोडणाऱ्या पोराचं नाव शांताराम असतं. संघात एक नवरदेव असतो, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. चेंडू त्याच्या हातात, टाळ्या त्याला, पोरी त्याच्याकडे बघणार. तो चेंडू लांब फेकतो, दुसरे पळत जाऊन झेलतात. आणि नवरदेवाच्या पुढे पाच धिप्पाड माणसं भिंतीसारखी उभी असतात. समोरचे नवरदेवाला लोळवायला धावून येतात, त्यांना हे पाच जण अडवतात. बस्स. पळायचं नाही, फेकायचं नाही, झेलायचं नाही. लग्नात वधूचा एक काका असतो बघा, मांडववाल्याशी भांडणारा, आचाऱ्यावर लक्ष ठेवणारा, जनरेटर बंद पडला की धोतर खोचून पळणारा. सगळं लग्न त्याच्या जिवावर होतं, आणि अल्बममध्ये त्याचा एक फोटो नसतो. तसे हे पाच.

फ्राऊ हिर्टलचा मुलगा होल्गर त्या पाचांपैकी कडेचा. रेगेन्सबर्ग बीबर नावाच्या क्लबात. बीबर म्हणजे झाडं कुरतडून नदीला बांध घालतो तो दातरा प्राणी. होल्गरला पाहिलंत तर नाव सार्थ वाटतं. तो जिना चढायला लागला की आमच्या फडताळातल्या बश्या वाजतात.

आता क्लबाची रीत ऐका. जर्मनीत दोन माणसं एकत्र आली की गप्पा मारतात, तीन आली की फेराइन काढतात. म्हणजे रीतसर मंडळ: अध्यक्ष, चिटणीस, सभा, ठराव. या मंडळाची रीत अशी, की दर नोव्हेंबरात संपलेल्या हंगामातले दहा उत्तम खेळाडू निवडायचे आणि त्यांचे फोटो क्लबच्या हॉलमध्ये वर्षभर लावायचे. पहिल्याचा फोटो बिअरच्या नळावर, जिथे प्रत्येकाची नजर जातेच. मग भिंतीभिंतीने दुसरा, तिसरा असं करत दहावा पार दाराशी, कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी.

नऊ वर्षं होल्गर खेळला. नऊ वर्षं फ्राऊ हिर्टल त्याचा सदुसष्ट नंबरची जर्सी तळघरातल्या धुण्याच्या खोलीत हाताने धुवत होत्या, कारण मशीनवर त्यांचा भरवसा नाही. दर नोव्हेंबरात त्या ठेवणीतला ड्रेस घालून त्या हॉलमध्ये जायच्या, नळापासून दारापर्यंत सगळी भिंत बघायच्या, बटाट्याचं सॅलड खायच्या आणि घरी यायच्या. कुणाला एका शब्दाने काही बोलायच्या नाहीत. आणि २०१४ साली डॉक्टरांनी होल्गरला सांगितलं, बाबा रे, गुडघा संपला. हा शेवटचा हंगाम.

म्हणजे त्या नोव्हेंबरात भिंतीवर चढला तर चढला. नाहीतर कायमचा अल्बमबाहेरचा काका.

"हं," प्रणव म्हणाला. लाडू संपला होता. "पण यात तुम्ही कुठे आलात?"

विनोदामुळे आलो. त्या मंडळाच्या सभेत दरवर्षी या दहा नावांवरून मारामारी व्हायची. कारण अध्यक्षाचा भाचा संघात, चिटणिसाचा जावई संघात. आदल्या वर्षी तर सॅलडचं भांडं हवेतून गेलं होतं. अध्यक्ष हेर त्सिर्नगीब्ल (हेर म्हणजे श्रीयुत; पुढचं नाव घेताना मी कवळीवर हात ठेवतो) टेबलावर मूठ आपटून म्हणाले, आपल्याला असा माणूस पाहिजे, ज्याचं इथे कुणाशी नातं नाही आणि ज्याला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. आमचा रुपेश क्लबासाठी सामन्यांचं चित्रीकरण करायचा. तो गमतीत म्हणाला, "मग माझे सासरे बोलवा. त्यांनी आयुष्यभर मुलांचे नंबर लावलेत."

पुण्यात असा विनोद केला तर कुणी हसत नाही, आणि विषय संपतो. जर्मनीत विनोद सभेच्या प्रोटोकोलमध्ये, म्हणजे इतिवृत्तात, लिहिला जातो. प्रोटोकोलमध्ये आला की त्याला अनुमोदक लागतो, अनुमोदक मिळाला की मतदान होतं, आणि मतदान झालं की तो ठराव. एकवीस विरुद्ध शून्य मतांनी माझी नेमणूक झाली.

"बाबा, एकवीस नव्हते," आतून रुपेशचा आवाज आला. "अकरा होतो."

"बाकीच्या दहांनी दोन्ही हात वर केले होते," मी म्हणालो.

तर रुपेशने माझ्यापुढे कागद ठेवले. कोण किती पळाला, कुणी किती झेलले, कुणी किती फेकले. मी चष्मा लावून वरून खाली वाचलं. "यात होल्गर कुठे आहे?"

"बाबा, त्यांचे आकडे नसतातच. त्यांनी काही केलं नाही, म्हणजे ते चांगले खेळले."

मी कागद मिटले. म्हटलं, हे कागद म्हणजे मुलाकडच्यांनी पाठवलेला बायोडेटा. यात कुणी लिहितो का, की मुलगा घोरतो म्हणून? बत्तीस वर्षांच्या धंद्यात माझा एकच नियम: स्थळ डोळ्यांनी बघितल्याशिवाय पसंती कळवायची नाही. सगळा संघ घरी बोलवा. कांदेपोह्यांना.

ऊर्मिला म्हणाली, "बाबा, पंचेचाळीस माणसं? या घरात?" मी म्हटलं, "तुला बघायला आले तेव्हा आपल्या घरात किती होती?" ती पोह्यांचा हिशेब करायला लागली. रुपेशकडचे टेम्पोने आले होते.

रविवारी सकाळी आले सगळे. दाराबाहेर बूट काढायला लावले. मंडळी, ते बूट! एकेक बूट म्हणजे होडी. जिन्यात वरपासून खालपर्यंत रांग लागली. कौमुदी तेव्हा सहा वर्षांची. ती लपाछपी खेळताना त्यातल्या एका बुटात लपली, तर आम्हाला अर्धा तास सापडली नाही. शेवटी बुटातून शिंक आली म्हणून कळलं.

कौमुदीने फ्राऊ हिर्टलच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी तोंडावर हात ठेवून हसल्या. पोरं काय, कशालाही हसतात.

पोहे भिजवायला घरातली पातेली पुरेनात. बाथटबमध्ये भिजवले.

"मागच्या वेळी टब नव्हता," वसुधा शांतपणे म्हणाली. "मागच्या वेळी बाळाचं प्लॅस्टिकचं घमेलं होतं."

"आकार वाढतो पोह्यांचा, भिजल्यावर," मी म्हणालो.

मग एकेकाला सोफ्यावर बसवून मी बघायला सुरुवात केली. नाव? शिक्षण? उंची? घरी कोण कोण असतं? प्रश्न तेच, आयुष्यभर विचारलेले. निर्व्यसनी आहात का, हे विचारल्यावर जरा घोटाळा झाला. सगळे म्हणाले, हो. मग बिअरचं काय? त्यावर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी पाणी पिण्याला व्यसन म्हटलं. रुपेश कानात म्हणाला, "बाबा, इथे बायर्न प्रांतात ती जेवणात धरतात." मी तो रकाना सोडून दिला.

उत्तरांपेक्षा पोहे जास्त बोलतात. क्वार्टरबॅकने बशी घेतली, शेंगदाणे एका बाजूला काढले, कढीपत्ता दुसऱ्या बाजूला, आणि मग शेजारच्या तिघांना कुणी कुठे बसायचं ते सांगायला लागला. बुद्धी आहे, हुकूम चालवायची सवय आहे, सुनेला त्रास होईल. चोवीस गुण. लांबचे चेंडू झेलणारा जो होता, त्याला वसुधाने स्वयंपाकघरातून लिंबू फेकलं. नेम चुकला. लिंबू खिडकीबाहेर निघालं होतं. हा सोफ्यावरून उडाला, पडद्याला धरून बाहेर झुकला, एका हाताने लिंबू पकडलं, आणि आत येऊन सालासकट खाल्लं. सत्तावीस. त्यांचा एक लाथाडणारा असतो, वर्षातून काही वेळा चेंडूला पाय लावायचं काम त्याचं. तो उजवा पाय शालीत गुंडाळून वेगळ्या खुर्चीवर ठेवून बसला, आणि प्रत्येक घास तोंडात घालायच्या आधी खिडकीतून वारा बघायचा. लाडावलेलं स्थळ. अठरा, म्हणजे काठावर पास.

"काका, लिंबू आपण तिसऱ्या मजल्यावरून सोडून देऊ," प्रणव म्हणाला. "पण छत्तीस गुण पत्रिकेवरून काढतात ना? त्यांच्या पत्रिका कुठे होत्या?"

"पत्रिका मांडणारे मी पुष्कळ पाहिले," मी म्हणालो. "बशी मांडणारा खोटं बोलू शकत नाही."

"आणि होल्गर?"

तेच तर. होल्गर सोफ्यावर आलाच नाही.

मी हाक मारली. नाही. दोनदा मारली. नाही. शेवटी उठून बघायला गेलो, तर हा स्वयंपाकघराच्या दारात पाठमोरा उभा. दार भरून उभा. म्हणजे दार कुठे संपतं आणि होल्गर कुठे सुरू होतो ते कळेना. आत ऊर्मिला कढईत फोडणी देत होती, तेल उडत होतं, आणि बाहेर चाळीस दांडगे पहिल्या बशीनंतर दुसरीसाठी मुसंडी मारत होते. एकदम दहा आले. होल्गरने हात पसरले, गुडघा वाकवला, तो दुखरा गुडघा बरं का, आणि दहाच्या दहा मागे. पुन्हा आले. पुन्हा मागे. कुणाला ढकललं नाही, शिवी दिली नाही. आतल्या बाईला धक्का लागू द्यायचा नाही, एवढंच. दारातून माशीसुद्धा आत गेली नाही.

"हे मात्र खरं आहे," ऊर्मिला म्हणाली. तिने चिवड्याची बशी खाली ठेवली. "माझ्या हातात उकळतं तेल होतं आणि कुणीतरी मागून रेटत होतं. तो उभा राहिला म्हणून. नाहीतर त्या दिवशी भाजलेच असते मी."

वसुधाही मान हलवून म्हणाली, "शेवटी त्याला पोहे उरलेच नाहीत. कढईला लागलेली खरवड होती, ती उलथण्याने काढून खाल्ली बिचाऱ्याने. वर 'गुट', छान, म्हणाला."

बघा. आता पटलं? दोन साक्षीदार. आणि तिसरा पुरावा मला आदल्याच दिवशी मिळाला होता. तळघरात मी कपडे टाकायला गेलो, तर फ्राऊ हिर्टल सदुसष्ट नंबर पिळत होत्या. त्यांनी मला ती जर्सी दाखवली. छातीवर गवताचे डाग, कोपरांवर चिखल. मग उलटी करून पाठ दाखवली, आणि स्वतःच्या पाठीवर थाप मारून मान हलवली. पाठ कोरी. नऊ वर्षांत त्या पोराला उताणं कुणी पाडलंच नव्हतं. हे आकड्यांच्या कुठल्या कागदात होतं? सांगा!

प्रणवने दुसरा लाडू उचलला. एवढा वेळ पुरावा मागणाऱ्याला पुरावा मिळाला, की त्याची अशी अडचण होते. मंडळी कान देऊन ऐकत होती, रुपेश चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबला होता. सांगणाऱ्याच्या आयुष्यात असे क्षण थोडे. अशा वेळी गोष्ट हात सोडून पळते, मी काय करणार?

नोव्हेंबरातली सभा, मी म्हणालो. हॉल गच्च. मी उठलो. अंगात जॅकेट, डोक्यावर लग्नातला फेटा. दहाव्यापासून वाचायला सुरुवात केली. लाथाडणारा दहावा. त्याने शाल आपटली. नववा, आठवा, असं करत क्वार्टरबॅक तिसरा, तेव्हा त्याचं कुटुंब उठून उभं राहिलं. लिंबूवाला दुसरा. आणि मग मी थांबलो. सगळी मंडळी माना उंच करून बसलेली. फ्राऊ हिर्टल कोपऱ्यात, ठेवणीतल्या ड्रेसमध्ये, समोर सॅलड, काटा हातात तसाच.

म्हटलं, बत्तीस वर्षांत मी एकाही स्थळाला छत्तीस गुण दिले नाहीत. देवाधर्माच्या भीतीने पस्तीसवर थांबायचो. आज देतो. पहिला नंबर, छत्तीसपैकी छत्तीस, होल्गर हिर्टल!

हॉलमध्ये असा आवाज झाला, की डोनाउ नदीवरच्या बोटींनी भोंगे वाजवले. हेर त्सिर्नगीब्ल टेबलावर चढले, म्हणाले, अडवणारा माणूस पहिला येतो कसा, नियमात बसत नाही. मी मराठीत भाषण केलं. वधूच्या काकाचं सगळं सांगितलं, मांडव, आचारी, जनरेटर, आणि तो अल्बम. रुपेश भाषांतर करत होता, पण त्याची गरजच पडली नाही. सगळी बाप्यामाणसं टेबलावर डोकं टेकून रडत होती. प्रत्येकाला आपापला काका आठवला! क्वार्टरबॅक उठला, त्याने स्वतःच्या हाताने बिअरच्या नळावरचा आदल्या वर्षीचा आपला फोटो काढला, आणि तिथे होल्गरचा लावला. फ्राऊ हिर्टलना चौघांनी खुर्चीसकट खांद्यावर उचलून हॉलभर मिरवलं. सॅलड सांडलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अमेरिकेतून फोन आला, की तुमची ती कांदेपोह्यांची पद्धत जरा सविस्तर लिहून पाठवा, आम्ही इथे उगाच पोरांना पळवून बघतो...

कोपऱ्यातली कुजबूज थांबली होती. ते माझ्या उशिरा लक्षात आलं. कौमुदी शेवटचा शब्द फ्राऊ हिर्टलच्या कानात सांगून मागे सरली होती, आणि तेव्हा मला उमगलं, की ही पोरगी मघापासून गप्पा मारत नव्हती, माझी गोष्ट शब्दन् शब्द जर्मनमध्ये उतरवून देत होती.

फ्राऊ हिर्टलनी कप बशीत ठेवला. हाताने खुर्ची धरली आणि उठून उभ्या राहिल्या. आमच्या घरात मी आल्यापासून जो शब्द सर्वांत जास्त वेळा उच्चारला जातो, तो त्यांना येणारा मराठीतला चौथा शब्द निघाला.

"खोटं!" त्या म्हणाल्या. अगदी स्वच्छ, ट-वर जोर देऊन.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्या जर्मनमध्ये भराभर बोलल्या, माझ्याकडे बोट दाखवून, गाल लाल करून. अपमान झाल्यासारख्या. बोलणं संपल्यावर त्यांनी कौमुदीला कोपराने ढोसलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या पोरीने सगळ्यांसमोर मराठीत तोंड उघडलं.

"आजोबा, ती म्हणते, होल्गर पहिला नाही. पहिला तो लिंबूवाला. होल्गर दहावा. दहावा म्हणजे दहावा, उगाच काही सांगू नको. तो फोटो कोटांच्या मागे आहे, म्हणून अजून कुणी काढलाच नाही, आणि ती दर शुक्रवारी तिथे जाऊन सगळ्यांचे कोट बाजूला करते. पहिला असता, तर ती कशाला गेली असती?"